'धुपणी' ते 'जोखीम' : योनिमार्गातील जीवाणू, लैंगिक संसर्ग आणि मराठी आरोग्यलेखन
(सातारा-सांगली परिसराच्या विशेष संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना

स्त्रीच्या योनिमार्गातून होणाऱ्या स्रावासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. 'अंगावरून जाणे', 'पांढरे जाणे', 'धुपणी' हे बोलीतील शब्द आहेत. 'श्वेतप्रदर' हा वैद्यकग्रंथांतून आलेला, तर 'योनिस्राव' हा शासकीय कागदपत्रांतील शब्द आहे. या स्रावामागे पुष्कळदा योनिमार्गातील जीवाणूंच्या वसाहतीत झालेला बदल असतो. त्या बदलासाठी मात्र मराठीत एकही रुळलेला शब्द आढळत नाही. 'बॅक्टेरियल व्हजायनोसिस' हे इंग्रजी नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेवढे उमटते आणि चिठ्ठीसोबतच हरवते. ज्या अवस्थेला नाव नाही तिच्याविषयी विचारताही येत नाही. मग विचारणाऱ्या स्त्रीला दोनच उत्तरे मिळतात. पहिले उत्तर तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवते, दुसरे तिच्या 'पिशवी'कडे.

लैंगिक संसर्गाची जोखीम केवळ वर्तनावर ठरत नाही, स्त्रीच्या शरीरातील जीवाणूंच्या रचनेवरही ठरते, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. या ज्ञानाच्या प्रकाशात मराठी आरोग्यलेखनाची व प्रबोधनाची भाषा तपासणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय. सातारा व सांगली हे जिल्हे निवडण्यामागे विशिष्ट कारण आहे. एड्सविषयक कार्यक्रमाने 'उच्च जोखीम गट' म्हणून नोंदवलेल्या वेश्याव्यवसायातील स्त्रिया आणि कोणत्याच गटात न मोडणाऱ्या ऊसतोड मजूर स्त्रिया या परिसरात काही मैलांच्या अंतरावर राहतात. तक्रार अनेकदा एकच असते, परंतु व्यवस्था तिचे वाचन दोन निरनिराळ्या प्रकारे करते.

जीवाणूंची वसाहत आणि संसर्गाची वाट

जर्मन प्रसूतितज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली योनिमार्गातील आम्लनिर्मिती करणाऱ्या जीवाणूंचे वर्णन केले. पुढे लॅक्टोबॅसिलस या नावाने ओळखल्या गेलेल्या कुळातील हे जीवाणू होत. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने योनीच्या आवरणातील पेशींत ग्लायकोजेन साठते. त्याच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या शर्करांवर हे जीवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे योनिमार्गाचा सामू साधारणपणे ३.५ ते ४.५ इतका कमी राहतो व अनेक रोगजंतूंना तेथे तग धरता येत नाही. शेतकऱ्याच्या घरी ज्या न्यायाने विरजण लागते त्याच न्यायाने हे घडते. मराठी वाचकाला ही उपमा सहज समजली असती, पण आरोग्यपत्रकांत ती क्वचितच दिसते.

ही वसाहत विस्कटली की गार्डनरेला, प्रीव्होटेला यांसारख्या जीवाणूंची संख्या वाढते, सामू चढतो, पातळ करड्या-पांढऱ्या रंगाचा व माशासारख्या वासाचा स्राव होतो. अनेक स्त्रियांत कोणतेही लक्षण दिसत नाही. हे जीवाणू श्लेष्माचा संरक्षक थर विघटित करणारी विकरे निर्माण करतात. आवरणाचा दाह वाढला की एचआयव्ही ज्या पेशींना लक्ष्य करतो त्या पेशी तेथे मोठ्या संख्येने येतात, म्हणजे विषाणूला आयतेच दार उघडे मिळते. क्लॅमिडियाच्या बाबतीत यंत्रणा आणखी विलक्षण आहे. शरीर या जंतूला ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून वंचित ठेवून उपाशी मारू पाहते. परंतु शेजारचे अनिष्ट जीवाणू इंडोल नावाचा पदार्थ पुरवतात आणि त्यापासून क्लॅमिडिया आपले ट्रिप्टोफॅन स्वतःच तयार करतो.

आकडेवारी या दिशेनेच बोलते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणानुसार ही अवस्था असलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी अधिक आढळला. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतातील तरुण स्त्रियांच्या २०१७ मधील अभ्यासात, लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटसचे प्राबल्य असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत विविध अनिष्ट जीवाणूंची गर्दी असलेल्या स्त्रियांत हा धोका चौपटीहून अधिक होता. त्याच वर्षी त्याच देशातील टेनोफोव्हिर जेलच्या जुन्या चाचणीचे नमुने पुन्हा तपासण्यात आले. लॅक्टोबॅसिलसचे प्राबल्य असलेल्या स्त्रियांत जेलचा संरक्षक परिणाम ६१ टक्के, तर इतरांत केवळ १८ टक्के आढळला. गार्डनरेला हा जीवाणू ते औषध स्वतःच पचवून टाकत होता. औषध घेतले नाही म्हणून स्त्रीला दोष देण्यापूर्वी औषधाचे पुढे काय झाले हे विचारायला हवे, असा या निष्कर्षाचा अर्थ निघतो.

येथे सावधगिरीही हवी. जीवाणूंचा असमतोल हे लागणीचे कारण किती आणि समान परिस्थितीचा सहपरिणाम किती, हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. प्रतिजैविकांनी असमतोल बरा केला तरी अनेक स्त्रियांत तो काही महिन्यांत परततो. जीवाणू म्हणजे नवे नशीब असे मानणे ही जुन्याच दैववादाची शास्त्रीय आवृत्ती ठरेल.

कर्वे ते 'कानोसा' : एक अर्धवट परंपरा

लैंगिक आरोग्यावरील मराठी लेखनाचा विचार रघुनाथ धोंडो कर्वे यांना वगळून करता येत नाही. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. अश्लीलतेचे खटले सोसले; १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. कर्व्यांचे थोर कार्य असे की त्यांनी गुप्तरोगाला पापाच्या हिशेबातून काढून आरोग्याच्या हिशेबात आणले. 'गरमी', 'परमा' या शब्दांना चिकटलेली कुजबूज त्यांच्या गद्याने काही काळ तरी बंद पाडली. आजच्या प्रबोधनपत्रकांतील गुळमुळीत वाक्ये वाचल्यावर कर्व्यांच्या कोरड्या, रोखठोक वाक्याची आठवण होणे अपरिहार्य आहे.

तथापि ते त्यांच्या काळाच्या जंतुविचाराचेच लेखक होते. जंतू म्हणजे बाहेरून येणारा शत्रू आणि स्वच्छता म्हणजे त्याचा नाश, हे समीकरण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पाश्चात्त्य वैद्यकातही प्रमाण मानले जात होते. योनिमार्ग जंतुनाशकाने धुण्याचा सल्ला त्या काळी युरोप-अमेरिकेत सर्रास दिला जाई. शरीरात मुक्कामाला असलेले जीवाणूच राखणदार असू शकतात, ही कल्पना तेव्हाच्या समीकरणात बसणारी नव्हती. नंतरच्या मराठी आरोग्यलेखनाने कर्व्यांचे धाडस सोडून दिले आणि त्यांच्या काळाचे समीकरण मात्र जपून ठेवले, ही खेदाची बाब होय.

दुसरा मोलाचा टप्पा डॉ. राणी बंग यांचा. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला बंग दांपत्याचा व सहकाऱ्यांचा निबंध १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, दर स्त्रीमागे सरासरी ३.६, आणि त्यांतील सुमारे निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गाचा होता. पूर्वी कधीही स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या निष्कर्षामुळे स्त्रियांचे आरोग्य म्हणजे गर्भारपण व कुटुंबनियोजन ही धारणा हादरली. 'कानोसा' या मराठी पुस्तकात बंग यांनी स्त्रियांचे शब्द, समजुती आणि संकोच नोंदवले. आधी ऐकणे, मग सांगणे हा त्यांचा क्रम मराठी आरोग्यलेखनात अपवादात्मक ठरतो. 'धुपणी' हा शब्द जमिनीच्या धूपेशी जवळीक सांगतो. माती वाहून जावी तसे अंगातले बळ वाहून जात असल्याची भावना त्यात आहे. ही भावना अज्ञान म्हणून बाजूला सारणारा डॉक्टर आणि ती ऐकून घेणारा डॉक्टर यांच्या निदानात फरक पडतो.

मात्र गडचिरोलीच्या अभ्यासाचे पश्चिम महाराष्ट्रात जे वाचन झाले ते बव्हंशी मागास, आदिवासी भागाची कथा म्हणून झाले. सहकारी साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि बागायती ऊस यांचा अभिमान बाळगणाऱ्या सातारा-सांगलीने त्या आरशात स्वतःला पाहिले नाही.

गोकुळनगर : 'जोखीम' हा शब्द कोणाचा?

सांगली शहरातील गोकुळनगर ही वस्ती १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेच्या कार्यामुळे एड्सविषयक जागतिक चर्चेत आली. मीना सेषू यांच्या नेतृत्वाखालील या कार्यातून १९९६ साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड या पट्ट्यातील स्त्रियांनी निरोधचे वाटप, सहकारी स्त्रियांचे शिक्षण, दवाखान्यातील पाठपुरावा ही कामे स्वतःच्या हाती घेतली. अमेरिकी निधीसोबत वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञा घेण्याची अट आली तेव्हा संस्थेने २००५ साली तो निधी नाकारला. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रसंग विशेष महत्त्वाचा वाटावा, कारण येथे झगडा पैशाचा असला तरी त्याचे कारण एक वाक्य होते.

एड्स नियंत्रणाच्या परिभाषेत या स्त्रिया 'उच्च जोखीम गट', तर ट्रकचालक व स्थलांतरित मजूर 'सेतू गट' ठरतात. पुणे-बंगळूर महामार्ग सातारा व कऱ्हाडवरून जातो, त्यामुळे हा सेतू या भागात अक्षरशः डांबरी आहे. नियोजनासाठी अशा वर्गवारीची उपयुक्तता कोणी नाकारू नये. अडचण अशी की 'जोखीम असलेली' हा अर्थ लवकरच 'जोखीम निर्माण करणारी' या अर्थात सरकतो. जीवाणूंच्या अभ्यासाने हा अर्थपालट उघडा पाडला आहे. समान वर्तन असलेल्या दोन स्त्रियांची जोखीम त्यांच्या योनिमार्गातील वसाहतीनुसार वेगळी असते. एका जोडीदाराशी एकनिष्ठ असलेल्या विवाहितेची वसाहतही विस्कटलेली असू शकते. जोखमीचा हा नकाशा गोकुळनगरच्या सीमेवर थांबत नाही.

या वस्त्यांतील कामाचा एक पैलू मात्र या संशोधनाने अधिक उजळला आहे. वीर्य अल्कधर्मी असते, ते योनिमार्गाचा सामू तात्पुरता वाढवते. निरोधचा सातत्याने वापर करणाऱ्या स्त्रियांत जीवाणूंचा असमतोल कमी आढळतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे निरोधचा आग्रह धरणाऱ्या या स्त्रिया नकळत आपल्या राखणदार जीवाणूंचेही रक्षण करीत होत्या.

आता प्रश्न 'स्वच्छता' या शब्दाचा. मराठी प्रबोधनपत्रकांत 'गुप्तांगाची स्वच्छता राखा' हे वाक्य जवळजवळ मंत्रासारखे येते. बाहेरून साध्या पाण्याने धुणे आणि आतून साबण, तुरटी वा जंतुनाशकाने धुणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, तो या वाक्यात पुसला जातो. केनियातील मोंबासा येथे वेश्याव्यवसायातील स्त्रियांचा सुमारे दहा वर्षे पाठपुरावा करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आतून मुळीच न धुणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत साबण वा तत्सम पदार्थांनी धुणाऱ्यांत एचआयव्हीचा धोका जवळपास चौपट आढळला. ज्या स्त्रीला समाज 'घाण' म्हणतो ती स्वतःला अधिकाधिक धुणार, हे उघड आहे. आणि धुण्याने तिची जोखीम वाढणार. या दुष्टचक्रात 'स्वच्छता राखा' हे वाक्य निरुपद्रवी राहत नाही. अलीकडे 'इंटिमेट वॉश' या नावाने येणाऱ्या बाटल्यांनी तीच अस्वच्छतेची लाज मध्यमवर्गीय घरांत सुगंधासह पोहोचवली आहे. २०१२ साली तर अशा एका उत्पादनाची जाहिरात गुप्तांगाचा वर्ण उजळण्याचे आश्वासन देऊन वादग्रस्त ठरली.

कोपी : एका तक्रारीचा प्रवास

दिवाळीच्या सुमारास बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड टोळ्या सातारा-सांगलीत उतरतात. कऱ्हाडजवळचा सह्याद्री, रेठरे बुद्रुकचा कृष्णा, साखराळेचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा या कारखान्यांच्या परिसरात पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, उचल जोडीने घेतली जाते, आणि कामावर न आल्यास 'खाडा' धरून पैसे कापले जातात. पाण्याची व शौचालयाची सोय नसणे, पाळीतही मोळ्या वाहणे, ओलसर कपडा तासन् तास बदलता न येणे हे या जीवनाचे नेहमीचे अंग आहे.

पांढरे जाण्याची तक्रार येथे सुरू होते, परंतु खाड्याच्या भीतीने दवाखाना लांबतो. पुढे काय घडते हे २०१९ साली उजेडात आले. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन गेलेल्या, तिशी-पस्तिशीही न ओलांडलेल्या अनेक स्त्रिया यांत होत्या. 'पिशवी खराब झाली', 'कॅन्सर होईल' ही भाषा त्यांना ऐकवली गेल्याच्या साक्षी वृत्तपत्रांतून आल्या.

या भाषेची चिकित्सा करणे आवश्यक आहे. 'पिशवी' हा शब्द गर्भाशयाला वस्तू बनवतो. मुले झाली की रिकामी झालेली पिशवी टाकून द्यावी, हा तर्क त्या शब्दातच दडलेला आहे. जीवाणूंच्या असमतोलाचे ठिकाण योनिमार्ग असताना उपाय म्हणून गर्भाशय काढणे, ही वैद्यकीय दृष्ट्या घराला वाळवी लागली म्हणून शेजारच्याचे छप्पर उतरवण्यासारखी गोष्ट आहे. त्याहूनही गंभीर बाब पुढे आहे. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली गेली तर इस्ट्रोजेन घटते, पेशींतील ग्लायकोजेन घटते, लॅक्टोबॅसिलसचा आहार तुटतो आणि सामू चढतो. ज्या तक्रारीसाठी शस्त्रक्रिया झाली त्या तक्रारीपासून संरक्षण देणारी व्यवस्थाच अशा प्रसंगी शस्त्रक्रियेने मोडते. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये बजावले, ते योग्यच झाले. परंतु शस्त्रक्रिया रोखली तरी मूळ तक्रारीचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

गोकुळनगर आणि कोपी शेजारी ठेवून पाहिल्यास एक विपरीत दृश्य दिसते. 'जोखीम गटा'तील स्त्रीसाठी ठरावीक मुदतीने तपासणी, समुपदेशक, रंगीत पाकिटांतील औषधे अशी काहीएक व्यवस्था आखलेली आहे, जरी तिची किंमत कलंकाने मोजावी लागते. कोपीतली स्त्री 'चांगल्या घरची' असल्याने तिला लैंगिक संसर्गाचा प्रश्नच कोणी विचारत नाही. तिची सभ्यता गृहीत धरणे हेच तिच्या उपेक्षेचे कारण होऊन बसते.

हिरवे पाकीट आणि गैरहजर पुरुष

राष्ट्रीय कार्यक्रमातील लक्षणाधारित उपचारपद्धतीत योनिस्रावासाठी हिरव्या रंगाचे दुसऱ्या क्रमांकाचे पाकीट ठरलेले आहे. त्यात सेक्निडॅझोल व फ्लुकोनॅझोल या गोळ्या असतात. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही पद्धत वरदान ठरली, हे मान्य करायला हवे. पण लक्षणच नसलेली स्त्री या जाळ्यातून निसटते. सामू पाहण्याची कागदपट्टी, अल्कलीचा थेंब टाकल्यावर येणारा वास आणि सूक्ष्मदर्शकाखालचा एक साधा नमुना, या १९८३ पासून प्रचलित असलेल्या कसोट्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत.

याहून मोठी उणीव प्रबोधनाच्या व्याकरणात आहे. योनिस्रावाविषयीच्या मराठी मजकुरात क्रियापदे सर्वत्र स्त्रीला उद्देशून असतात: तपासणी करून घ्या, लाज सोडा, गोळ्या वेळेवर घ्या. पुरुष त्या वाक्यांत नसतोच. वैद्यकशास्त्रानेही दीर्घकाळ या अवस्थेला स्त्रीची एकटीची समजूत असल्यासारखे वागवले. ऑस्ट्रेलियातील १६४ जोडप्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले तेव्हा हे गृहीत डळमळले. केवळ स्त्रीला औषध दिलेल्या गटात १२ आठवड्यांत ६३ टक्के स्त्रियांची तक्रार परतली. पुरुष जोडीदारालाही गोळ्या आणि लावण्याचे मलम दिलेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के राहिले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजणारी व्यवस्था औषधाच्या वेळी अर्धाच कोयता बोलावते. गाळप हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपतो, टोळ्या परततात आणि शस्त्रक्रियेचा निर्णय गावाकडच्या एखाद्या दवाखान्यात होतो. त्या वेळी कऱ्हाड वा इस्लामपूरच्या रानात पाच महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या तक्रारीचा कागद तिच्याजवळ नसतो, आणि तिच्या नवऱ्याची तपासणी झाली होती का, हे तेथे कोणी विचारत नाही.